चिरेतला मळ

दागिन्यांचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाला सगळे भिंग्या म्हणत. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये तो बिनकाचेची पोकळ नळी बसवायचा, की मुंगीचा पायही ओंडक्याएवढा दिसायचा. तोंडाचा मात्र तो कडूजहर. साडूनं त्याच्या कामाला 'किडे टिपायचा धंदा' म्हटलं, तेव्हापासून सात वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

तोच साडू आज समोर उभा होता. दागिन्यांच्या दुकानात तो खडे बसवायचा. गिऱ्हाइकाच्या पाचूला चीर पडलेली दिसली, म्हणून मालक त्याला हाकलायला निघाला होता.

"काल तूच चिमट्यानं चेचलास," मालक ओरडला. "भिंग्या, काढ फोटो. मला पुरावा हवाय."

"काढ की," साडू म्हणाला, "तुझ्या मनासारखंच झालं."

भिंग्यानं दोन नळ्या एकावर एक चढवल्या. इतक्या जवळून चित्र स्पष्ट करायला लेन्सची रिंग फिरवून भागत नाही. श्वास धरून अख्ख्या माणसालाच केसभर पुढं-मागं सरकावं लागतं. तो सरकला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चीर आली, आणि तिच्या तळाशी घट्ट बसलेला काळा मळ.

"मालक, काल पडलेल्या चिरेत वर्षानुवर्षांचा मळ कुठून येईल? गिऱ्हाइकानं खडा चिरलेलाच आणलाय."

मालकानं तोंड फिरवलं. साडू पुटपुटला, "उपकार झाले."

"उपकार गेले खड्ड्यात," भिंग्या नळ्या काढत म्हणाला. "चीर ताजी असती, तर हाच फोटो तुझ्या दारावर लावला असता. भिंतीएवढा."