सुनंदाताईंना माहेरी झोपायचं होतं

सुनंदाताईंनी मशीनची काळी बॅग माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, हे घ्या परत. माझं काम झालं."

मी स्लीप टेक्निशियन आहे. लोणावळ्यातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये झोपेत श्वास अडकणाऱ्या पेशंटची तपासणी करते, मशीन लावून देते, मास्क बसवते. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घसा सैल पडतो, हवेची वाट बंद होते, माणूस गुदमरतो आणि अर्धवट जागा होऊन पुन्हा श्वास घेतो. रात्रभर हेच चालतं. सकाळी आठवत काही नाही, फक्त अंग जड झालेलं असतं. यावर सीपॅप नावाचं मशीन मिळतं. ते नाकावरच्या मास्कमधून दाबाने हवा सोडतं आणि वाट उघडी ठेवतं. बाकी त्यात जादू नाही.

सुनंदा ओव्हाळ इथल्याच एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. पूर्वी चादरी मोजता मोजता उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागायचा. मग पुण्याला वजन कमी करायची सर्जरी झाली. यात जठराचा मोठा भाग काढून टाकतात, त्यामुळे भूक आणि खाणं दोन्ही कमी होतं. त्या इतक्या उतरल्या होत्या की दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांना आवाजावरूनच ओळखलं.

"मशीन लावत नाही का?"

"कधीच सोडलं. मास्क गालावरनं हवा सोडतो. नुसती फुरफुर. पोटात हवा जाऊन पोट फुगतं. आणि वजनच गेलं, तर आजार कशाला राहील?"

तक्रारी खऱ्या होत्या. चेहरा बारीक झाला की जुना मास्क बसत नाही, आणि जाड असताना ठरवलेला हवेचा दाब नंतर जास्त होतो. पण आजार गेला की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. तसं मी सांगितलं.

"तपासा. पण लवकर. मला माहेरी जायचंय."

"मग जाऊन या की."

"जाऊन येते हो. राहता येत नाही."

त्यांचं माहेर आंदर मावळात. आई गेलेली, भाऊ-भावजय चाकणला. घरात एकटे वडील आणि एक म्हैस. सुनंदाताई सकाळी जायच्या, भाकरी टाकायच्या, भांडी घासायच्या आणि शेवटच्या एसटीने परत यायच्या. घोरणं वाढलं तेव्हा भावजय एकदा हसली होती. त्या लाजेने त्यांनी मुक्काम बंद केला. पुढे मशीन आलं, ते विजेवर चालणारं. तिकडे पावसात लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही.

"आबा दर वेळी म्हणतात, आज ऱ्हा की. मी म्हणते, एसटी जाईल." त्या बॅगेची चेन उघडत-मिटत होत्या. "सर्जरी शुगरसाठी केली असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला म्हणून सांगते, मला आमच्या ओसरीवर झोपायचं होतं."

मी त्यांना घरी लावायचं तपासणीचं यंत्र दिलं. बोटाला क्लिप, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी. रिपोर्ट आला तो घेऊन मी डॉक्टरांकडे गेले.

"बरंच कमी झालंय," सर म्हणाले. "पण गेलेलं नाही. मशीन चालू ठेवायचं. दाब कमी करा."

"सर, त्यांना मशीन सोडायचंय."

"त्यांची हनुवटी पाहिलीत? किती आत आहे. जिभेला जागाच कमी. सर्जरीने जबडा बदलत नाही."

हे सुनंदाताईंना सांगणं माझ्याकडे आलं. त्या म्हणाल्या, "मग एवढं पोट कापून घेऊन काय मिळालं?"

"शुगरच्या गोळ्या सुटल्या. जिना चढताय. आणि आता मशीन बॅटरीवर चालेल."

"म्हणजे?"

"आधी दाब जास्त लागायचा, बॅटरी पहाटेच्या आधीच संपली असती. आता कमी दाब पुरतो. हवेला ओलावा देणारा भाग बंद ठेवला की रात्र निघेल."

"लाइट नसली तरी?"

"तरी."

त्यांचा विश्वास बसेना. "तुम्ही या. तिथंच लावून दाखवा."

रविवारी मी स्कूटर काढली. भातलावणी उरकली होती, बांधापर्यंत पाणी होतं. आबा ओसरीवर बसले होते. अंगाने काडी. "जय भीम, मॅडम. या, हितं बसा," म्हणाले आणि त्यांनी स्वतः चटई झटकली. सुनंदाताईंनी चहा टाकला. मी बॅटरी जोडली, नवा छोटा मास्क त्यांच्या नाकावर बसवला, पट्टे आवळले. हवा कुठून सुटत नव्हती.

आबा म्हशीबद्दल काहीतरी सांगत होते. सांगता सांगताच भिंतीला टेकून त्यांचा डोळा लागला. घोरणं सुरू झालं. मग एकदम थांबलं. छाती ओढली जात होती, पण हवा आत जात नव्हती. सुनंदाताईंनी माझा हात धरला. शेवटी मोठा आचका देऊन आबांनी श्वास घेतला आणि पुन्हा घोरू लागले. डोकं मागे गेलं होतं, त्यामुळे हनुवटी स्पष्ट दिसत होती. तीच, आत गेलेली.

"मी पण अशीच?" सुनंदाताईंनी हळू विचारलं.

"अशाच."

"आबा तर कधी जाड नव्हते."

"जाड असावं लागतंच असं नाही."

त्या दिवशी त्या राहिल्या. सकाळी त्यांचा फोन आला. लाइट गेली होती, बॅटरी पुरली. त्या हसत होत्या. "आबा काय म्हणाले सांगू? म्हणाले, तुजा आवाजच न्हाई. दोनदा उटून बघितलं, पोरगी हाय का गेली."

आबांची तपासणी करायला सुनंदाताईंनी महिनाभर विनवण्या केल्या. "मला काय झालंय? लय झ्वाप येती, एवडंच," हे त्यांचं उत्तर. शेवटी लेकीने शेजारी झोपून यंत्र लावलं. आजार तिच्यापेक्षा जास्त निघाला. त्यांनाही मशीन आणि बॅटरी दिली.

पुढच्या तपासणीला सुनंदाताई त्यांना घेऊन आल्या. मशीनमधली नोंद पाहून सर वैतागले. "आबा, आठवड्यातून एकदाच लावता? हा रोजचा उपचार आहे."

आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "एकल्यानं झोपायचं, तर त्वांड कशापायी बांदायचं? ही आली म्हंजी लावतो की."

सुनंदाताई खाली बघत राहिल्या. सरांनी कागदावर 'अनियमित वापर' असं लिहिलं. आमच्या भाषेत त्याला तेवढाच शब्द आहे.

सुनंदाताईंनी हॉटेलात ड्युटी बदलून घेतली. आता त्या आठवड्यातून दोन रात्री माहेरी असतात, आणि आबांचं मशीनही दोन रात्री चालतं. उरलेल्या पाच रात्रींसाठी त्या रोज संध्याकाळी फोन करून मास्क लावायला सांगतात. ते 'व्हय' म्हणतात आणि लावत नाहीत.

हवेचा दाब, मास्कचा आकार, बॅटरीची वायर, एवढं मी जुळवून देऊ शकते. पेशंट एकटा झोपतो का, हा प्रश्न आमच्या तपासणीत नव्हता. मी आता तो पहिल्याच भेटीत विचारते. उत्तर मिळालं तरी त्यावर माझ्याकडे उपाय नसतो.