हळदीची चोळी

आमच्या गावात बाईला काही विचारावं लागत नसे, अंगावरचं कापड बघितलं की कळायचं. हिरवं असेल तर सवाष्ण. काळं नेसायचं ते फक्त संक्रांतीला. आणि पांढऱ्या लुगड्यातली बाई समोर आली की लग्नाला निघालेली माणसं वाट बदलायची. धर्माच्या नावाखाली रंगांची ही वाटणी कुणी केली, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ज्यानं केली त्यानं बाईला विचारलं नव्हतं, एवढं नक्की.

आई खणाच्या चोळ्या शिवायची. काष्टीच्या बाजारातून खण आणायचा आणि आमच्या ओट्यावर टाकायचा, ही आसपासच्या लग्नघरांची रीतच होती. खणावर तुळशीवृंदावन असायचं, रथ असायचा. आई कापड असं बेतायची की वृंदावन उलटं होऊ नये आणि रथ काखेत जाऊ नये. "देवाला चिमटा बसाया नको," म्हणायची.

मी सोळा वर्षांची असताना वडील गेले. आई पांढरं लुगडं आणि मांजरपाटाची चोळी घालू लागली. नवरीची हळदीची चोळी विधवेच्या हातची चालत नाही, म्हणून खण येणं थांबलं. पण महिनाभरच. दुसरीकडं शिवलेल्या चोळ्या अंगाला बसेनात, तेव्हा गावानं युक्ती काढली. सवाष्णीनं पहिली कात्री लावली की झालं, पुढचं कोण शिवतं ते कुणी बघायचं नाही. आमच्या घरात सवाष्ण म्हणजे काकू, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

काकू खणाला हळदकुंकू लावायची आणि बाहीच्या कापडावर एक कात्री मारायची. तीही वाकडी. मग आई आतल्या खोलीत बसून चोळी शिवायची आणि तो वाकडा काप झाकायला बाहीवर काठाचा एक तिकोना लावायची. बायकांना वाटलं, ही नवी तऱ्हा. सगळ्यांना तिकोना हवाच. वर्षभरात शिंपीसुद्धा नक्कल करू लागले आणि गावोगावी त्याला 'काकूची बाही' म्हणू लागले. काकू पदर सावरून कौतुक ऐकून घ्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात माझं लग्न श्रीगोंद्याकडच्या घरात ठरलं. मी सांगून टाकलं, माझी चोळी आई शिवेल आणि पहिली कात्रीही तिचीच. काकू बोलायच्या आत आईच म्हणाली, "न्हाई बाई. तुझं काय वाईट झालं तर म्या कुटं तोंड दाखवू?"

गावाचा राग मला होताच. पण तिला स्वतःलाही ते खरं वाटत होतं, याचा मला जास्त राग आला. रडूही आलं. "मग मी शाळेच्या झंपरात उभी राहीन," मी म्हणाले आणि दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तिनं खण पुढ्यात ओढला. कात्री सरळ गेली.

हळदीच्या दिवशी नवरदेवाची उष्टी हळद घेऊन सासू आल्या. बायका माझ्या अंगाला हळद लावत होत्या आणि आई आत चुलीपाशी होती. सासूंची नजर माझ्या बाहीवर गेली.

"समद्यांच्या बाहीला तिकोना हाय, आन नवरीच्याच न्हाई?"

"ऱ्हायला जी माझ्याकडनं," काकू घाईघाईनं म्हणाली.

"काकूंनी शिवलीच न्हाई," मी म्हणाले. "माझ्या आईनं शिवली. पहिली कात्रीबी तिचीच. त्यो तिकोना काकूंचा वाकडा काप झाकाया हाय. तुमच्या अंगावरच्या चोळ्या एकतर आईनं शिवल्यात, न्हाईतर तिचं बघून शिवल्यात. अपशकुन वाटत आसंल तर काढा समद्या, हितंच."

काकू भिंतीकडं तोंड करून बसली. बाकीच्या जणी आपापल्या बाह्या बघू लागल्या. लग्न मोडणार, हे मला कळत होतं. मोडलं असतं तरी मी एक शब्द मागं घेतला नसता.

सासूंच्या बाहीलाही तिकोना होता. त्यांनी तो बोटानं चाचपला. मग माझा हात वर करून बघितला. "काखंत काचतीया की तुला," त्या म्हणाल्या. "बोलवा हिच्या आईला. सैल करून देतील."

आई सुई घेऊन आली आणि उंबऱ्यावरच थांबली. सवाष्णींच्या मध्ये यायची तिला सवय राहिली नव्हती. सासूंनी सरकून जागा केली. आईनं मान खाली घालून माझ्या काखेतले चार टाके उसवले आणि कडेनं नवे घातले. तेवढ्यात तिची बोटं माझ्या दंडाच्या हळदीनं पिवळी झाली. तिला ते दिसलं तशी ती दचकली आणि हात पदराला पुसायला लागली.

मी तिचं मनगट धरलं. "पुसायची न्हाई," म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग बायकांकडं. आणि बोटं तशीच ठेवून दोरा दातानं तोडला.