सोयरिकीवाले सर

लातुरात ट्यूशनच्या मास्तरांची वानवा नाही. गल्लीत डोळे मिटून खडा मारला तरी तो एखाद्या फिजिक्सच्या सरांना लागतो, नाहीतर बायोलॉजीच्या. पण सोयरिकीवाले सर एकच. त्यांचं नाव महादेवप्पा, हे निम्म्या पोरांना माहीतही नसतं. 'इंग्रजी शब्दांच्या सोयरिकी' हे त्यांचं चिमुकलं पुस्तक वीस-बावीस वर्षांपासून दहावीच्या दप्तरांत आहे. मागच्या पानावर सफारीतला फोटो, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि चेहरा असा की फोटोग्राफरनं काहीतरी चोरून नेलंय.

पुस्तकातली युक्ती सोपी आहे. इंग्रजीतली बरीचशी नामं एकटी हिंडत नाहीत. त्यांच्या मागं एक शब्दयोगी अव्यय येतं आणि त्याचा हात धरून आणखी एखादा शब्द. कुणामागं कुणी यायचं हे ठरलेलं असतं. बाकीचे मास्तर याद्या घोकायला लावतात. सर म्हणतात, आधी पोरीचा स्वभाव बघा, मग घर बघा. डिमांड, नीड, रिक्वेस्ट ही हात पसरणारी नामं. ती फॉरच्या घरी द्यायची: डिमांड फॉर वॉटर, रिक्वेस्ट फॉर लीव्ह. बॅन, टॅक्स, अटॅक ही उरावर बसणारी, ती ऑनच्या घरी नांदतात. राइज, फॉल, इन्क्रीज ही फुगणारी आणि आटणारी. त्यांचं घर इन: राइज इन प्राइसेस, फॉल इन टेम्परेचर. काही नामं घरच्यांना न विचारता भलतीकडंच लग्न करतात, त्यांची वेगळी यादी. वर्ग खदाखदा हसतो आणि जन्मात विसरत नाही.

"सर, हे सुचलं कसं तुम्हाला?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

"भजी खाताना," सर म्हणतात. पोरं पुन्हा हसतात. सर हसत नाहीत. उत्तर अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याचं ओझं सबंध खोट्यापेक्षा जड असतं हे त्यांना आता पुरतं कळलं आहे.

तेव्हा ते रेणापूरच्या एका शाळेत होते. बसस्टँडसमोर चांगुणाबाईचा भज्यांचा गाडा होता. तिची पोरगी राजकन्या सरांच्या दहावीच्या वर्गात. गाड्यावर भजी बांधायला रद्दी यायची, त्यात इंग्रजी पेपरही असायचे. गिऱ्हाईक भजी खाऊन कागद फेकायचं आणि ही पोरगी तो उचलून वाचायची. अर्थ निम्मासुद्धा लागत नसे. पण तिच्या एक लक्षात आलं: काही शब्द दर कागदावर त्याच जोडीदाराबरोबर दिसतात. ते तिनं एका शंभरपानी वहीत उतरवायला घेतलं. हात पसरणारे, उरावर बसणारे, फुगणारे-आटणारे ही नावं तिचीच. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'शब्दांच्या सोयरिकी'.

तिनं ती वही सरांना तपासायला दिली. सरांनी रात्री जेवताना उघडली आणि ताटातली भाकरी तशीच वाळून गेली. अकरा वर्षं इंग्रजी शिकवून जे त्यांना दिसलं नव्हतं, ते भजेवालीच्या पोरीनं तेलकट कागदावरून ओळखलं होतं. त्यांना आनंद झाला. आणि खोटं कशाला बोला, त्या आनंदाच्या पोटात हेवाही होता.

त्याच महिन्यात लातूरच्या एका प्रकाशकानं छोटं पुस्तक मागितलं. सरांनी वही समोर ठेवून लिहून काढलं. प्रस्तावनेत 'माझी विद्यार्थिनी राजकन्या हिच्या वहीवरून' अशी ओळ होती. प्रुफं आली तेव्हा ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि खोडली. लोक हसतील, असं स्वतःला सांगितलं.

मग एके दिवशी राजकन्या वही मागायला आली.

"दिली की गं तुला. शनिवारी, वर्गातच," सरांच्या तोंडून निघून गेलं. असं काही बोलायचं त्यांनी ठरवलंही नव्हतं.

पोरगी क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. सर म्हणतात म्हणजे दिलीच असणार. तिनं दप्तर उपसलं, बाकाखाली शोधलं, घर पालथं घातलं. दोन दिवसांनी चांगुणाबाई शाळेत आली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "डोस्कं ठिकाणावर न्हाई हिचं. सर, तुमाला उगं तरास झाला." जाताना तिनं सरांच्या हातात गरम भज्यांचा पुडा ठेवला. सरांनी तो खाल्ला. नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी भज्याला हात लावलेला नाही, आणि घरी गौरम्मा समजते की नवऱ्याला पित्ताचा त्रास आहे.

वही त्यांनी तीनदा जाळायला काढली. तिन्ही वेळा परत ट्यूशनच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवली, खालच्या कप्प्यात, जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून.

यंदा जूनमध्ये ऑफिसच्या दारात एक बाई उभी राहिली. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी, हातात प्लास्टिकची फाइल. "वळखलं का सर? मी राजकन्या. रेणापूरची. आता नांदेडला असते. ही माझी विशाखा. अकरावीला लातूरलाच टाकली हिला."

सरांनी ओळखलं होतं. "बस," ते म्हणाले.

विशाखानं पिशवीतून त्यांचंच पुस्तक काढलं, सहीसाठी. राजकन्या कौतुकानं म्हणाली, "हिच्याकडं हे बघितलं अन् मला लई बरं वाटलं. म्हणलं, माझ्या हातून वही गेली, पण सरांच्या ध्यानात तरी राहिलं."

त्या बोलण्यात टोमणा असता तर सरांना श्वास घेता आला असता. टोमणा नव्हता.

"तू काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"शाळेत खिचडी शिजवते, पोषण आहाराची. अंगणवाडीचं सांगून आलं होतं मधी. पर तिथं रजिस्टरं सांभाळायची. म्हणलं, नको बाबा. माझ्या हाती कागद टिकत न्हाई, तुमाला तर ठाऊकच हाय." ती हसली. "घरात बी किल्ली, रेशनकार्ड, सगळं मालकाकडं. मी हातच लावत न्हाई."

मग तिनं फाइल पुढं सरकवली. विशाखाचा दाखला, मार्कमेमो, जातीचं प्रमाणपत्र, सगळी ओरिजिनल. मुलगी होस्टेलवर, नवरा ड्रायव्हर, कायम गाडीवर, आणि स्वतःचा तर भरवसा नाही. "तुमच्या कपाटात राहू द्या सर. तुमच्याकडून काही हरवायचं न्हाई."

सर उठले. कपाट उघडलं. फाइल ठेवायची जागा वरच्या कप्प्यात होती, पण नजर खाली गेली. कॅलेंडरचा कागद पिवळा पडला होता. दार लावून घेतलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. सरांना तेही दिसत होतं. स्वतःचा इतका तिटकारा त्यांना कधी आला नव्हता. एका वहीची चोरी केली असं ते बावीस वर्षं समजत होते, आणि इथं तर एक अख्खी बाई स्वतःच्या घरातल्या किल्लीला हात लावायला भीत होती.

त्यांनी वाकून गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. फाइलही शेजारी ठेवली.

"मी परत दिली नव्हती," ते म्हणाले. "वही तुझ्या हातून हरवली नव्हती. मी खोटं बोललो."

राजकन्यानं वरचा कागद सोडवला. तेलाचे डाग, निळी शाई, पहिल्या पानावर तिचं गोल अक्षर. तिनं चार-पाच पानं उलटली. विशाखा आईच्या खांद्यावरून वाचत होती. वाचता वाचता तिनं हातातलं पुस्तक बघितलं, पुन्हा वही बघितली, आणि सहीसाठी उघडलेलं पान मिटलं.

"पुस्तकावर तुझं नाव घालतो," सर म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत पहिल्याच पानावर..."

"आई शेवटपर्यंत म्हणायची, पोरीचं डोस्कं न्हाई ठिकाणावर," राजकन्या म्हणाली. ती सरांकडं बघत नव्हती. "मरताना बी दागिने वहिनीकडं दिले तिनं. म्हणली, राजकन्या हरवील."

बाहेर पुढच्या बॅचची पोरं सायकली लावत होती.

राजकन्यानं वही पिशवीत घातली. मग हात लांब करून फाइल ओढली, आतले कागद एकेक करून मोजले आणि तीही पिशवीत घातली.

"आई, कागदं सरांकडं ठेवायची हायत ना?" विशाखानं विचारलं.

"न्हाई," राजकन्या पिशवीची चेन लावत म्हणाली. "माझ्याकडं राहतील."