लाल दिव्याला थांबलेल्या दोघी

आमच्या पाड्यापासून मोखाड्यापर्यंत एकही सिग्नल नाही. जव्हारच्या बाजारातसुद्धा मी कधी पाहिला नाही. तरी मी अंगणवाडीत पोरांना सिग्नल शिकवते. भिंतीवर तक्ता आहे, लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला. मी लाल पुठ्ठा वर केला की पोरं जागच्या जागी उभी, हिरवा केला की सुसाट सुटतात. आमच्याकडे दिवसाला एक-दोन जीपा येतात, त्याही हात केला की थांबतात, मग हे कशाला? तर उद्या हीच पोरं नाशिकला, ठाण्याला कामाला जाणार. तिथं बावळटासारखी उभी राहू नयेत, म्हणून. मला स्वतःला सगळं येतं, हे मी धरूनच चालले होते.

यंदा भात झोडून झालं आणि मी आईला नाशिकला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला माझं तोंडही धड दिसेना, चुलीतला निखारा हाताला लागायचा. ऑपरेशन करायचं की नाही ते डॉक्टर त्या दिवशी सांगणार होते. एसटीतून उतरलो तर दवाखान्याची पाटी समोरच, फक्त मधे रस्ता. आईने माझा दंड धरला.

पलीकडच्या खांबावर तिरका लाल दिवा दिसत होता. मी थांबले. आजूबाजूची माणसं मात्र भराभरा रस्ता ओलांडून गेली, बायका गेल्या, शाळेची पोरं गेली. आईला दिसत नसलं तरी पावलं ऐकू येत होती.

"बाय, मान्सा चालली वाटतं. आपून पन जाव."

"लाल आहे, आये. गप उभी राहा," मी म्हटलं. "शहरातली आहेत, पण शिस्त नाही मेल्यांना." वर नाकसुद्धा मुरडलं.

मग हिरवा लागला. मी म्हटलं, चल.

"गाड्या वाजतात गं, बाय."

"हिरवा लागलाय ना? माझ्यावर भरवसा नाय का तुझा?"

ती दंड घट्ट धरून फुटपाथवरून खाली उतरली.

दोन पावलं गेलो नाही तोच मोटारसायकलींचा लोंढा अंगावर आला. ब्रेक कचाकच लागले. मी घाबरून मागे उडी मारली, आणि आईचा हात सुटला. सुटला कसला, मीच सोडवला. एका गाडीचा आरसा तिच्या कोपराला लागला आणि ती रस्त्यात गुडघ्यावर आपटली.

कुणीतरी तिला उचलून कडेला आणलं. गुडघा फुटला होता. लोक जमले आणि सगळे मलाच बोलायला लागले.

"म्हातारीला मारायला आणलीस का? हिरवा दिवा गाड्यांना असतो, एवढं कळत नाही? शिकलेली दिसतेस ना?"

तेव्हा कुठे मी दिव्याकडे नीट पाहिलं. त्याचं तोंड गाड्यांकडे होतं, आमच्याकडे नव्हतंच. ज्यांना मी बेशिस्त म्हटलं होतं, तेच बरोबर गेले होते.

"तिला बोलू नका," आई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मला दिसत नाय, मीच मधी शिरले."

लोकांना ते लगेच पटलं. मग ते तिला समजावू लागले, आजी, बघून चालावं, लेकीचं ऐकावं. ती प्रत्येकाला "व्हय बाबा, व्हय" म्हणत होती. मी खाली मान घालून ओढणीने तिचा गुडघा पुसत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाही हो, मीच नेलं तिला, असं म्हणायला काय जात होतं? पण जीभ उचलली नाही. मनात म्हटलं, आईने मला सांभाळून घेतलं, नंतर तिच्या पाया पडू.

लोक पांगले. आईने पुन्हा माझा दंड धरला.

"सांग बाय, कधी जायचा?"

आता मला ठाऊक होतं कधी जायचं. पण पाय हलेनात. लाल झाला, माणसं गेली. हिरवा झाला, गाड्या गेल्या. परत लाल. आई दंड धरून उभीच होती. शेवटी मी एका रिक्षाला हात केला.

"कुठं?"

"समोर. दवाखान्यात."

त्याने समोर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. वळायला पार पुढच्या चौकात जावं लागलं. वाटेत त्याने आजीला काय लागलं म्हणून विचारलं.

"चूक माझीच, बाबा," आई म्हणाली. "ती चल म्हनली तिकडं मी गेलेच नाय, भलतीकडंच गेले असेन. दिसत नाय ना. बरा झाला लेक संगती होती, नायतर आज मेलेच असते."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, माझ्यासाठी ती लोकांशी खोटं बोलली. ती खोटं बोललीच नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. तिचा हात अजून माझ्या दंडावर होता. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली, तिला धरून मी खाली उतरवलं, पायऱ्या चढवल्या, पण "आये, चूक माझी" एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.