ताईनं मोडलेलं लग्न

फोन आला तेव्हा मी गॅरेजात जीपखाली होतो. "ताई गेल्या… हार्ट अटॅक," प्रयोगशाळेतला तिचा सहकारी म्हणाला. हातातला पाना मी भिंतीवर भिरकावला. विमलताई, माझी थोरली बहीण, असं न भांडता गेलीच कशी?

नव्वदच्या दशकात ती कोल्हापुरात रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाटलीत वाढवायची. शरीरातला कचरा गिळून पचवणाऱ्या या पेशी. एका आनुवंशिक आजारात तो पचवणारं एन्झाइमच नसतं. मग पेशी चरबीनं फुगतात, पोटातली प्लीहा वाढते, लेकराचं पोट नगाऱ्यासारखं होतं.

नेसरीच्या बाळूचं पोर असंच गेलं. बाळूनं मामाची मुलगी केलेली, आपल्याकडं करतात तशी. पोर गेल्यावर त्यानं बायकोला, शेवंताला, गुरासारखं बडवलं. खोट हिच्याच रक्तात, म्हणाला. आणि घरच्यांनी दुसरी बायको कोण ठरवावी? शेवंताचीच धाकटी बहीण, कमल! पोर आजारी असताना ताईनं बाळू, शेवंता आणि कमल या तिघांचंही रक्त घेतलं होतं. तिघांच्याही पेशींत एन्झाइम निम्मंच निघालं. तसं निम्म्यावर माणूस धडधाकट जगतो, पण आई-बाप दोघंही तसले असले की पोरावर बेतू शकतं.

ताईनं बाळूला बोलावून सुनावलं, "खोट तुझ्यातबी हाय. कमल केलीस तर परत त्येच व्हायचं की!" त्यानं मेजावरच्या बाटल्या उचलून आपटल्या. त्यांत त्याच्या मेलेल्या पोराच्या पेशी अजून जिवंत होत्या. ताईनं त्याच्या कानाखाली जाळ काढला. "पोराचं एवढंच उरलं हुतं रं, त्येबी मारलंस!" बाळू मटकन खाली बसला… पण लग्न काही मोडलं नाही.

हळदीदिवशी मला जीप काढायला लावून ताई थेट मांडवात घुसली. "पावणं, गुमान माघारी जावा," कमलचा बाप म्हणाला. ताई हटली नाही. त्यानं काठी घातली, तिचं कपाळ फुटलं. मी दोघांना लोळवलं, माझे दोन दात पडले. रक्तानं डोळा मिटलेली ताई कमलला म्हणाली, "अक्काचं पोर डोळ्यांनी बघितलंस न्हवं? येतीस का?" कमल उठली. बाळू आडवा आला, तर शेवंतानं हळदीचं मुसळच त्याच्या गुडघ्यावर हाणलं. दोघी बहिणी जीपमध्ये बसल्या.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी उतरल्यावर कमल उंबऱ्याला अडखळली. तिनं ताईच्या खोलीची भिंत धरली आणि हळदीचा अख्खा पंजा उमटला. पुढं तिचं नात्याबाहेर लग्न झालं, लेक ठणठणीत आहे. ताईनं मात्र भिंतीचा तेवढा तुकडा कधी रंगवू दिला नाही. परवा रंगाऱ्यानं ब्रश तिथं नेला. "हात तोडीन!" मी असा ओरडलो, की बिचारा शिडीवरून पडता पडता वाचला. मग त्या फिकट पंजाला कपाळ टेकून मी पोरासारखा रडलो.