बोट जमिनीवर, आम्ही बोटीवर

गेल्या पावसाळ्यात आमचा पत्ता होता: जेटीच्या मागचं मैदान, उजवीकडून तिसरी बोट, शिडीनं वर. एकदा कुरियरवाला आला, तो बिचारा दहा मिनिटं खाली बेल शोधत होता.

त्याचं झालं असं. माझे बाबा तांडेल. बोट त्यांच्या हुकमावर चालते आणि वर्षाचे दहा महिने ते समुद्रावर. म्हणजे घराचं काम काढायचं तर मे संपताना, बोट वर ओढली की मगच. आणि नेमका तेव्हाच गवंडी गावाला शेतीला जातो. हे इथं सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कोणीतरी फसतोच. आईनं सांगितलं होतं, "अहो, कौलं आत्ता नका काढू." बाबा म्हणाले, "चार दिवसांचं काम आहे."

चार दिवसांत गवंड्यानं कौलं उतरवली, वासे काढले, आणि पाचव्या दिवशी पेरणीला गेला. फोनवरच्या त्याच्या बोलण्याची नक्कल मी झकास करतो. तोंडात तंबाखू धरायचा, मान आभाळाकडं करायची: "येतो, येतो, पेरणी झाली की येतो." मग पेरणी झाली, लावणी आली. तंबाखू तोच, मान तीच.

आईनं छपराच्या जागी बांधलेली निळी ताडपत्री बघितली आणि बॅग भरली. "छप्पर आलं की बोलवा. आभाळाखाली संसार करायला मी काय बगळा आहे?" आणि गेली माहेरी, नाटे गावाला.

राहिलो आम्ही दोघं. बाबा म्हणाले, "बोट आहे की."

आता बोट टेकू लावून जमिनीवर उभी. समुद्र दोनशे पावलांवर. पण बाबांना ते कोण सांगणार? चढताना उजवा पाय आधी. चपला खाली. शीळ घालायची नाही. आणि स्टोव्हवरचा टोप दोरीनं बांधायचा, भरसमुद्रात बांधतात तसा.

"बाबा, बोट जमिनीवर आहे."

"बोटीला कुठं कळतंय?"

झालं. मी दोन महिने बांधलेल्या टोपातली डाळ खाल्ली. माझे कपडे मासळीच्या खणात असायचे. मी मोबाईलच्या दुकानात कामाला. गिऱ्हाईक काउंटरवर वाकलं की नाक मुरडायचं आणि विचारायचं, "बांगडा आणलास काय रे डब्याला?"

शेजारची बोट दुरुस्त करायला एक सुतारकाका यायचे. रोज सकाळी खालून हाक, "तांडेल, आज कुठल्या बंदराला लागलात?" बाबा गंभीरपणे दात घासत राहायचे.

पण एक दिवस त्यांनी वेगळंच विचारलं. "नारळी पौर्णिमा आली. यंदा बोटीला ओवाळणार कोण? वहिनी तर तिकडं."

आमच्यात बोट पाण्यात जायच्या आधी तांडेलाची बायको तिला ओवाळते. खाली उभी राहून. बाईमाणसानं बोटीवर चढायचं नाही हा आजोबांपासूनचा नियम.

"बहिणीला बोलव," सुतारकाका म्हणाले.

बाबा म्हणाले, "बोटीला हिचीच सवय आहे." आणि आत जाऊन कॅलेंडरकडं बघत बसले. त्यांनी पौर्णिमेला गोल केला होता. पेन इतकं दाबून की पुढच्या महिन्यावर पण उठला होता. फोन करतील? छे! "बोलवायला लागतंय काय? तिला कळत नाही?" मान खाली, आवाज नाकातून. बाबांचा हा आवाज मला लहानपणापासून पाठ.

बोटीवर लाईट नव्हती, म्हणून बाबांचा फोन मी रोज दुकानात चार्जिंगला न्यायचो. त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. समोर बाबांचा फोन, गळ्यात बाबांचा आवाज. मी लावला.

"हॅलो. अगो, तू नाहीस तर बोट सुनी वाटते. ये तू."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," आई म्हणाली. "रविवारच्या एसटीनं येते."

बाबांना काही सांगितलं नाही. म्हटलं, आलेली बघून खूश होतील. पुढचं डोक्यातच नव्हतं.

रविवारी पाऊस असा की शेजारची बोट दिसेना. आणि त्यात शिडीच्या पायाशी आई. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅग. बाबा वरून वाकले. चेहरा असा की जाळ्यात एकदम पापलेटच पापलेट. पण तोंडातून काय आलं? "छप्पर नाही झालं अजून."

"माहीत आहे. फोनवर बोललात ते परत बोला, मग चढते."

"कुठला फोन?"

मी केबिनमागं सरकलो. बाबांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मला वाटलं, आता मला पौर्णिमेला नारळाबरोबर सोडणार.

"बोला ना," आई खालून. सुतारकाका रंधा थांबवून ऐकायला लागले.

बाबांनी घसा साफ केला. दोनदा. मग म्हणाले, "शिडी ओली आहे. डावा पाय आधी टाकलास तरी चालेल. फक्त पडू नको."

आई हसली. "हां. हा आवाज खरा."

"तांडेल, बाईमाणूस चढतंय!" सुतारकाका ओरडले. "नियमाचं काय?"

"बोट जमिनीवर आहे," बाबा म्हणाले आणि बॅग घ्यायला हात खाली केला.

मी आ वासून बघत राहिलो. दोन महिन्यांची माझी बांधलेली डाळ!

आईनं वर आल्या आल्या टोपाची दोरी सोडली आणि माझा कान धरला. "मेल्या, एवढ्या वर्षांत तुझ्या बापसानं फोनवर कधी हॅलो म्हटलंय? थेट ओरडतो, 'कुठं आहेस?'"

"मग तरी आलीस?"

"म्हटलं, पोरावर ही वेळ आली म्हणजे जेवणाचे हाल असणार."

पौर्णिमेपर्यंत ती बोटीवरच राहिली. केबिनच्या काचेला तिच्या टिकल्या चिकटल्या. खलाशी परत आले, एकजण काच खरवडायला लागला तर बाबा म्हणाले, "राहू दे."

पौर्णिमेला तिनं ओवाळलं, खाली उभं राहून, नियमाप्रमाणे. नारळ सोडला, बाबांना घेऊन बोट पाण्यात गेली, वळली. आम्ही किनाऱ्यावर डबा उघडून नारळीभात खात होतो तेवढ्यात आईचा फोन वाजला.

"हॅलो," पलीकडून आवाज. "ताडपत्री बघ. दोरी सुटली असेल."

आईनं पटकन माझ्याकडं वळून बघितलं.

मी हात वर केले. माझं तोंड भातानं गच्च भरलं होतं.