प्रिंटरला हळद लागली

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी आणि पहिला प्रिंटरही माझाच. दोघांचा घराला उपयोग साधारण सारखाच झाला.

भिसेगावातल्या आमच्या आळीत कुणाला काही छापायचं असलं की मी छाती पुढे काढून सांगायचो, "झेरॉक्सवाल्याकडं कशाला जाता? बी.एस्सी. झालेला माणूस शेजारी असताना?" त्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीची, वैशालीची, सरकारी भरतीची परीक्षा होती, खोपोलीत. हॉल तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. पोरीने भाकऱ्या थापताना समोर पुस्तक ठेवून अभ्यास केलेला! आदल्या दिवशी ती बाजारातूनच छापून आणणार होती. मीच अडवलं. "घरचा प्रिंटर काय पूजेला ठेवलाय?"

सकाळी छपाई सुरू केली. प्रिंटर गुरगुरला, थांबला आणि पडद्यावर पाटी आली : पिवळी शाई संपत आली आहे, छपाई होणार नाही.

संपत आली! संपली नव्हे! आणि अख्खं हॉल तिकीट काळ्या अक्षरांचं, काळी शाई पोटभर! "बाबा रे, फक्त काळ्यात छाप," असंही सांगून पाहिलं. तरी तेच. म्हणजे घरात हळद कमी आहे म्हणून भाकरी भाजायची नाही, असा न्याय! माझ्याच घरात, माझ्याच विजेवर बसून!

कार्ट्रिज काढलं, हलवलं, परत बसवलं. तीच पाटी. ओळख पटू नये म्हणून त्याच्या चिपवर चिकटपट्टी लावली, तर म्हणतो, कार्ट्रिजच नाही! (डोळ्यांदेखत खोटं!) पट्टी काढली.

"दादा, मी बाजारात बघून येते," वैशाली चपला घालत म्हणाली.

"रविवारी एवढ्या सकाळी कोण दुकान उघडतंय? थांब गं. यंत्र हाय ते, माणूस नाय."

"म्हणूनच तुझं ऐकत नाय," आई आतून म्हणाली. "पिवळंच पायजे ना त्याला? शेजारच्या शेवंताकाकूच्या थोरलीच्या लग्नातली हळद उरलीय बघ वाटीत."

आई चेष्टेने म्हणाली हो! पण रसायनशास्त्राच्या पदवीधराला त्यात शास्त्र दिसलं. हळद पाण्यात कालवली, फडक्यातून गाळली आणि शाई भरायच्या सुईने पिवळ्या कप्प्यात सोडली. तीच पाटी! आत काय भरलंय ते बघायची तसदीही नाही!

"अरं रव्या, मुंडावळ्या पन बांध त्याला!" वडील ओट्यावरून ओरडले.

आता माघार नाही म्हणून मी मुद्दाम रंगीत छपाई निवडली. तेवढ्यात वैशालीचा संयम सुटला. तिने दातओठ खात प्रिंटरचं बटण दाबलं आणि सोडलंच नाही. पाटी गायब! कागद आत! (म्हणजे बटण दाबून धरायचं, एवढंच होतं. हळदीची गरजच नव्हती.)

कागद बाहेर आला. अक्षरं काळीभोर. आणि फोटोतली वैशाली कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळीधमक!

"दादाऽऽ!"

"ओळखू येतेस की!" मी म्हणालो. दुसरी प्रत काढायला गेलो, तर हळदीने नळ्या तुंबून प्रिंटरने मान टाकली होती.

मोटारसायकलवर तिला खोपोलीला नेलं. फाटकावरच्या मॅडमनी कागद बघितला, वैशालीला बघितलं, परत कागद बघितला.

"काय गं, हळदीतनं उठून फोटो काढलास?"

"नाय मॅडम," वैशाली म्हणाली, "भाऊ शिकलेला हाय माझा."

मॅडमनी माझ्याकडे दयेने पाहिलं. नंबर नीट वाचता येत होता, ओळखपत्र जुळलं, सोडलं आत. पुढे वैशाली पास झाली. प्रिंटर नाही झाला.

परवा शेवंताकाकू धाकट्या लेकीचा फोटो घेऊन आल्या. "रवी, हिचा बायोडाटा छापून दे रं, वैशालीसारका. हळद लागलेली पोर दिसली म्हंजी पाव्हणं मागं फिरायचं नाय."

"प्रिंटर बंद आहे काकू," मी दात खात म्हणालो. "झेरॉक्सवाल्याकडं जा."

"जाते की," काकू म्हणाल्या. "पन तो काय तुज्यावानी शिकलेला हाय का?"